मी ठसा पुसला

१२ डिसेंबर, गुरुवार

शहाद्याहून आज हुलासबाई स्वतः आल्या. रिक्षातून दोन गाठोडी उतरवली. आत हुकमीचंद शेठचे कपडे: पांढरे सदरे, धोतरं, दोन लोकरी जॅकिटं आणि लग्नातला केशरी फेटा. शेठना जाऊन नऊ फेब्रुवारीला वर्ष होईल. त्या दिवशी पाचही नातवंडांना आजोबांच्या कपड्यांची एकेक गोधडी द्यायची आहे.

"दुकानातल्या रजया आमच्याकडे खूप आहेत, निर्मलाबाई," त्या म्हणाल्या. "ही पांघरली की पोरांना वाटलं पाहिजे, दादाजी जवळ बसले आहेत."

मी हो म्हणून बसले. पाच गोधड्या आणि हातात जेमतेम आठ आठवडे. शाळेतून निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली, पण एवढं मोठं काम कधी घेतलं नव्हतं. त्या गेल्यावर फेटा नाकाशी धरला. अजून अत्तराचा वास आहे.

दुपारी कापड घेऊन बनात गेले. नाल्याकाठची अडीच एकर जमीन, तिला सासऱ्यांनी कधी नांगर लावला नाही. निंब, करंज, दोन म्हाताऱ्या चिंचा, बांबूची तीन बेटं. चारी बाजूंनी ऊस आणि कापूस, मधे एवढीच सावली. करंजाखाली पोतं टाकलं की माझी सुई आपोआप चालते. शाळेत तीस वर्षं गोंगाट ऐकला, आता हे हवंच.

सोबतीला कमली असते. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी रायसिंग, त्याची बायको. मोलगीकडची माणसं, बारा वर्षांपासून आमच्याकडे आहेत. बनाच्या कडेला त्यांची झोपडी. मी तुकडे जुळवते, कडा दुमडते. मधले टाके बहुतेक कमलीच घालते, तिला रेघसुद्धा ओढून द्यावी लागत नाही. मला ती सख्ख्या बहिणीसारखी आहे.

रात्री जेवताना भूपेशने पुन्हा तोच विषय काढला. लोणखेड्याच्या कॉलेजात ऑफिसात बसतो, पण डोकं सगळं शेतात. "आई, त्या बनमा काय ठेयेल शे? दोन दिन जेसीबी लावी देऊ, पपई लावसूत."

हे म्हणाले, "देखसूत," आणि भाकरी मोडली.

मी म्हटलं, मी मेल्यावर लावा. रंजिता, माझी सून, ताटाकडे बघत राहिली. नात काजल मात्र म्हणाली, "मी नाही लावू देणार." सात वर्षांची आहे. घरात माझ्या बाजूने तेवढीच एक.


१९ डिसेंबर, गुरुवार

हे लिहू की नको, असं करत तासभर घालवला.

सकाळी बनात गेले. नाल्यात चिंचेखाली थोडा ओलसर गाळ असतो, तिथे ठसा दिसला. माझ्या तळहातापेक्षा थोडा लहान, गोल. चार बोटं आणि मागे गादी. नखं उमटलेली नाहीत. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर काढून दाखवायची: कुत्र्याची नखं उमटतात, मांजराच्या जातीची आत असतात. एवढं मोठं मांजर नसतं.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. पहिल्यांदा जेसीबी आठवला. मागच्या वर्षी पलीकडच्या एका गावात बिबट्या दिसला, तर लोकांनी दुसऱ्या दिवशी अख्खी झाडी पेटवली. बिबट्या पळून गेला, झाडी राहिली नाही. भूपेशच्या कानावर गेलं तर त्याला निमित्तच हवं आहे.

तीन ठसे होते. तिन्ही चपलेने पुसले.

वाटेने जाणारा असेल. उसातून उसात जातात ते. दोन दिवस बघते, मग ठरवते.


२२ डिसेंबर, रविवार

काजलला सुट्टी. सकाळपासून मागे लागली, बनात चल, बनात चल. मी म्हटलं, तिथे खाजकुइली फुटली आहे, अंगाला लागली तर रात्रभर खाजवत बसशील. आता थोडे दिवस बन बंद. ती रुसून गच्चीवर जाऊन बसली.

कमली ओट्यावर कपाशी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "खाजकुइली?" म्हणाली. मी म्हटलं, हो. मग ती पुन्हा निवडायला लागली.

पहिल्या गोधडीची जुळवणी झाली. सदऱ्यांचे पांढरे चौकोन आणि मधे फेट्याची केशरी पट्टी. छान दिसते.


२७ डिसेंबर, शुक्रवार

आज पाहिलं.

कमली कापूस वेचायला गेली होती, मी एकटीच होते. चारच्या सुमाराला टिटवी ओरडायला लागली. थांबेचना. मान वर केली तर बांबूच्या बेटापाशी, चाळीस-पन्नास पावलांवर, ती आडवी पडलेली. मादी. पोटाशी दोन पिल्लं, मांजराएवढी. एक तिच्या शेपटीशी खेळत होतं. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळापासून बघत असेल कोण जाणे.

मी ओरडले नाही. हातातली गोधडी तेवढी छातीशी धरली आणि मागे मागे सरत निघाले. शेताच्या बांधापर्यंत पाठ फिरवली नाही. घरी आले तेव्हा ब्लाउज घामाने ओला झाला होता, डिसेंबर असून.

पण आता तर सांगता येणारच नाही. बाळंतीण आहे ती. बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? पिल्लं चालती झाली की आपली आपण निघून जाईल. मी वाचलं आहे कुठेतरी, महिना-दीड महिना लागतो. तोवर आपण तिकडे जायचं नाही, एवढंच.

शिवणकाम उद्यापासून ओट्यावर.

घाईत सुई-दोऱ्याचा डबा करंजाखालीच राहिला. आत माझं पितळी अंगुस्तान आहे, ते नसेल तर बोटाला सुई लागते आणि काम होत नाही. संध्याकाळी कमली गोठ्यात आली तेव्हा तिला सांगितलं, डबा घेऊन ये, माझा पाय मुरगळल्यासारखा वाटतोय. ती थोडा वेळ उभी राहिली.

"आतेच?"

"आतेच जाय. अंधार पडाना आगोदर."

ती कोयता घेऊन गेली. जाताना-येताना मोठमोठ्याने गाणं म्हणत होती, दोन शेतं पलीकडून इथे ओट्यावर ऐकू येत होतं. कशी आनंदी बाई आहे! डबा आणून दिला. सगळं जागेवर आहे.


३ जानेवारी, शुक्रवार

ह्यांनी गोठ्यावर मोठा बल्ब लावला. विचारलं तर म्हणाले, गाय व्यायला आली आहे, रात्री उठावं लागतं. गाय व्यायला अजून दोन महिने आहेत. म्हातारपणी माणूस काळजी जास्त करतो.

या आठवड्यात शेताच्या पंपाला रात्रीची लाईट आहे. दरवर्षी पाणी भरायला हे स्वतः जायचे, रायसिंगला सोबत घेऊन. यंदा त्याला एकट्यालाच पाठवतात. म्हणतात, थंडीने गुडघे धरतात. बरोबर आहे, सदुसष्ट वर्षं झाली.

शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा चार दिवसांपासून दिसत नाही. भूपेश म्हणाला, "काहीतरी फिरी ऱ्हायनं आठे." माझ्या हातून टाका चुकला. मी म्हटलं, सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोड्यांच्या मागे गेला असेल. जत्रा संपून किती दिवस झाले, हे नंतर लक्षात आलं. हे मोबाइल बघत होते.

दुसरी गोधडी पूर्ण.


८ जानेवारी, बुधवार

गारठा फार आहे. कमली टाके घालता घालता म्हणाली, "बाई, आम्ही थोडा दिन तुम्हना घर ऱ्हावाले येऊत का? ती मांगली खोली रिकामीच शे."

रिकामी कुठे आहे? तिथे मी उरलेल्या तिन्ही गोधड्यांचे थर अंथरून ठेवले आहेत. एकदा सुरकुती पडली की पुन्हा सगळं उसवायचं. मी म्हटलं, "आते नही वं कमली. संक्रांत व्हवू दे, मंग देखू." त्यांच्यासाठी एक जुनी वाकळ काढून दिली. थंडीवर तेवढं पुरे आहे.

तिने वाकळ घेतली, घडी घालून बाजूला ठेवली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

झोपडीभोवती त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आहे, पुरुषभर उंच. जाता-येता दिसतं. बकरीही रात्री आत घेतात, असं रायसिंग सांगत होता.

माझं मन आज दिवसभर टोचतंय. कशाने, ते कळत नाही. भूपेशशी खोटं बोलले म्हणून असेल.


१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. हुलासबाईंचा फोन: काम कुठवर आलं? म्हटलं, तीन झाल्या. टाके किती बारीक घालता हो तुम्ही, असं त्या म्हणाल्या. मी "सवय आहे," म्हटलं.

अठराला ऊसतोडीची टोळी येणार. ह्यांना एकच घोर, टोळीने दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये.


१६ जानेवारी, गुरुवार

कमलीची बकरी गेली.

सकाळी रायसिंग अंगणात येऊन उभा राहिला. चहा दिला, घेतला नाही. "दादा, दिनना उजेडमा लई गया. काल पाच वाजता. दोरी तोडी लई गया. वाघच शे." इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

हे म्हणाले, "वाघ नही रे. तरस व्हयी."

रायसिंग ह्यांच्याकडे बघत राहिला. हे माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. तुळशीजवळ चिमण्या दाणे टिपत होत्या, आम्ही तिघेही त्या चिमण्यांकडे बघत होतो.

तो गेल्यावर मी ह्यांना विचारणार होते, तुम्हाला काही माहीत आहे का? विचारलं नाही. त्यांनी उलट मला विचारलं असतं तर?

रात्री नक्की केलं, ऊस तुटला की वनखात्याला फोन करायचा. नाव न सांगता करता येतो.


१९ जानेवारी, रविवार

कमलीला बिबट्याने धरलं. जिवंत आहे. भूपेशची गाडी नंदुरबारला गेली आहे. मला लिहवत नाही.


२० जानेवारी, सोमवार

झालं ते असं.

शनिवारी टोळीने बनाला लागून असलेला ऊस तोडला. दिवसभर पाचट जळत होतं, धूर, आरडाओरड. रविवारी उजाडता उजाडता कमली चुलीसाठी काटक्या गोळा करायला झोपडीमागे गेली. बनाच्या कडेपासून दहा पावलंही नसतील. ती वाकलेली होती. मादी बाजूने आली. कमलीने उजवा हात गळ्यापुढे धरला म्हणून गळा वाचला. रायसिंग कुऱ्हाड घेऊन धावला, टोळीतली माणसं धावली, तेव्हा सुटली.

मी पोचले तेव्हा ती बाजेवर होती. हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेला. खांद्यालाही दात लागलेले. शुद्धीवर होती. मी घरातून पांढरं धोतर नेलं होतं, हातात आलं ते. हुकमीचंद शेठचं. त्यानेच हात बांधला. कमली रडत नव्हती. मी रडत होते.

शहाद्याला टाके घालता येणार नाहीत म्हणाले, पुढे नंदुरबारला सरकारी दवाखान्यात. शस्त्रक्रिया झाली. दोन शिरा तुटल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, बोटं किती वळतील ते आज सांगता येणार नाही.

आज दुपारी वनरक्षक आली. हेमांगी नाव, तिशीच्या आतली मुलगी. पंचनाम्याचा कागद मांडीवर घेऊन विचारलं, "याआधी कुणाला दिसला होता? ठसे वगैरे?"

हे म्हणाले, "नही वं ताई. आम्हले काय माहीत?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

तीस वर्षं मुलांना पट्टी दाखवून विचारलं, खरं सांग. आज मला कुणी पट्टीही दाखवली नव्हती.


२२ जानेवारी, बुधवार

नंदुरबारला जाऊन आले. रायसिंग बाहेर व्हरांड्यात झोपला होता. कमली उशीला टेकून बसलेली, हात पट्ट्यांत, छातीवर बांधलेला. सफरचंद कापून दिलं, डाव्या हाताने खाल्लं.

मी ठरवून गेले होते. म्हटलं, "कमली, मले तुले काही सांगनं शे."

"मले माहीत शे, बाई."

"काय माहीत शे?"

"तुम्हले माहीत व्हतं ते."

मी खाटेच्या कडेला बसले. "कवयपासून?"

"तुम्ही काजलले बनमा येवू दिनं नही, तवय समजनं. डबा लेवाले मले धाडं, तवय पक्कं समजनं." हे सगळं ती एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं सांगत होती.

"मग तू गेलीस कशाला गं?"

"तुम्ही सांगं ना."

पंखा कुरकुरत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती.

मी विचारलं, कुणाला बोलली का नाहीस. कमली म्हणाली, रायसिंगने डिसेंबरातच ह्यांना सांगितलं होतं. वाघाचं नाव ऐकून तोडकरी पळतील, म्हणून ह्यांनी त्याला उत्तर दिलं होतं, "टोळी पयी जाई. ऊस तुटू दे, मंग बोलसूत." मग तिला वाटलं, बाईंना तरी विचारू, म्हणून तिने खोली मागितली.

खोली थंडीसाठी मागितली नव्हती.

परत येताना एसटीत खिडकीशी बसले. हे सगळं माझ्याच वहीत आहे. गाण्याचं, कोयत्याचं, काट्यांच्या कुंपणाचं. माझ्याच अक्षरात. मी लिहीत होते आणि वाचत नव्हते.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, "आणि तुले?" गोठ्यावरचा बल्ब जळत होता. आम्ही दोघे त्याच्या उजेडात उभे राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात इतकी लाज एकमेकांची वाटली नव्हती.


२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी आठला बनापाशी शंभरेक माणसं. भूपेश पुढे. डिझेलचे चार कॅन, पाचटाचे भारे, रस्त्यावर जेसीबी. पिंजरा लावला होता, त्यात काही अडकलं नव्हतं. हेमांगी आणि तिच्याबरोबरचे दोन जण लोकांना थांबवत होते, कुणी ऐकत नव्हतं. एकाने पाचट पेटवलंही, पण दव होतं, धूरच जास्त झाला.

मी धुरातून पुढे गेले. खोकला येत होता. हेमांगीचा हात धरला आणि म्हटलं, "बांबूच्या मधल्या बेटात दोन पिल्लं आहेत. आग लावाल तर जळतील आणि ती गावात शिरेल."

"तुम्हाला कसं माहीत, बाई?"

"मी पाहिली आहेत. सत्तावीस डिसेंबरला. ठसे एकोणीसला पाहिले. मी पुसले."

ती हळू आवाजात म्हणाली, "सोमवारी तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं बोलले. लिहून घ्या."

भूपेश जवळच होता. त्याने ऐकलं. "काय बोलनी, आई?" मी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वर्गात बोलायची सवय आहे, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. मागे कुणीतरी शिवी दिली. माझ्याच हाताखाली शिकलेला असेल.

भूपेशने कॅन खाली ठेवला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "आणि काजल?" म्हणाला.

"काजलला मी जाऊ दिलं नाही."

"हां," तो म्हणाला. "काजलले जावू दिनं नही."

एवढंच बोलला आणि गाडीकडे निघून गेला. मला वाटलं होतं, पोरीला सांभाळलं म्हणून त्याचा राग थोडा निवेल. तो का निवला नाही ते घरी येऊन पाणी प्यायले तेव्हा कळलं.

ह्यांनीही दुपारी हेमांगीकडे जाऊन आपलं लिहून दिलं. मी सांगितलं नव्हतं.


२५ जानेवारी, शनिवार

पिल्लं सापडली, दोन्ही. वनखात्याने ती एका पेटीत घालून नाल्यापलीकडे, वस्तीपासून लांब ठेवली. वर कॅमेरा लावला. हेमांगीने फोन करून सांगितलं: मादी पहाटे आली, एकेक करून तोंडात धरून घेऊन गेली. कापणी न झालेल्या उसातून डोंगराच्या दिशेने.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.


२ फेब्रुवारी, रविवार

चार गोधड्या तयार आहेत. पाचवी अर्धी आहे. त्या अर्ध्या भागावर कमलीचे टाके, आखल्यासारखे सरळ. पुढचे मी घालते आहे. कुणालाही कळेल कुठे हात बदलला ते.

रंजिता सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. कधी बसत नाही. तिने सुई ओवून दिली, माझे डोळे भरले की नीट दिसत नाही म्हणून. मग म्हणाली, "मागची खोली मी झाडून घेतली आहे. कमलीबाईंना दवाखान्यातून इथेच आणू." मी मान हलवली. मी सांगायच्या आधी तिला सुचलं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

त्या खोलीत कमलीबाई राहिल्या नाहीत. रायसिंग दवाखान्यातून थेट सामान घ्यायला आला. भांडी, कोंबड्या, पत्र्याची पेटी. साल संपायला दोन महिने होते. हे म्हणाले, साल सोड, तसाच राहा, कमली बरी होईपर्यंत काही करू नको. तो म्हणाला, "नही दादा. जातस आम्ही." आवाज चढवला नाही. बारा वर्षांत कधी चढवला नव्हता.

मी दिलेली वाकळ झोपडीत तशीच घडी घातलेली होती.


९ फेब्रुवारी, रविवार

हुलासबाईंकडे पाच गोधड्या पोचवल्या. घर माणसांनी भरलेलं. नातवंडांनी तिथल्या तिथे पांघरल्या. धाकटी, चांदनी, फेट्याची केशरी पट्टी गालाला लावून बसली.

हुलासबाई पाचवीवरून हात फिरवत होत्या. "हा अर्धा भाग वेगळा आहे."

मी सांगितलं. तुम्ही ज्या बारीक टाक्यांचं कौतुक करता ते सगळे कमलीबाईंचे आहेत. पाचही गोधड्यांत. मी तुम्हाला कधी बोलले नाही. आणि एक धोतर कमी आहे, ते का तेही सांगितलं.

त्यांनी गोधडीची घडी घातली. मग म्हणाल्या, "धोतराचं वाईट वाटून घेऊ नका, ते चांगल्या कामाला गेलं. पण टाक्यांचं..." आणि वाक्य पुरं न करता आत गेल्या. मी चप्पल घालून निघाले.


२० फेब्रुवारी, गुरुवार

बन अजून आहे. हेमांगी म्हणाली, सगळं तोडलं तर जनावर उसातच राहील, वाट तेवढी मोकळी करा. भूपेशने झोपडीकडची आणि रस्त्याकडची वीस फुटांची पट्टी साफ केली, बाकीच्याला हात लावला नाही. पपईचं नावही काढत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

मी तिकडे जात नाही. काजल विचारते, खाजकुइली गेली का? तिला काय झालं ते सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं, "कमलीबाईंना का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "पण का?"


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मोलगीला जाऊन आले. एकटीच. धडगावच्या रस्त्याने जीप, मग पाऊण तास पायी. त्यांचा पाडा चढावर आहे. रायसिंगचा भाऊ वाटेत भेटला, तो पुढे चालत राहिला, मी मागे.

कमलीबाई अंगणात होत्या. हाताची पट्टी निघाली आहे. अंगठा आणि पहिलं बोट हलतं, बाकीची तीन तशीच. डाव्या हाताने चहा ठेवला. मी उठायला लागले तर, "बठा," म्हणाल्या. शेजारच्या चार बाया येऊन बसल्या, त्या आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलत होत्या. मला कळत नव्हतं, पण त्यांना सगळं माहीत आहे हे कळत होतं.

मी काही गोधडी वगैरे नेली नव्हती. काय नेणार होते? म्हटलं, "कमलीबाई, मन्हं चुकनं. मी तुम्हले जनावरना तोंडमा ठेवं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तुम्ही म्हटलं. त्यांनी चुलीत एक काटकी सारली.

थोड्या वेळाने मी रायसिंगला विचारलं, परत येणार का? नवं साल, पक्कं घर बांधून देऊ, गावात. तो हसला. मी म्हटलं, इथे या जंगलात राहता, इथे वाघ नाही का?

"शे ना," रायसिंग म्हणाला. "आठे तं जास्तीच शेतस. पन आठे जो देखस, तो आख्खा पाडाले सांगस."

चहा गूळ घातलेला होता. मी तो संपवला.

कमलीबाई म्हणाल्या, शेवटची जीप चारला जाते, निघा आता. त्या मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या, पूर्ण पाऊण तास, माझ्या पुढे. उताराला दगड निसटत होते, तिथे थांबून वाट दाखवायच्या. हात धरला नाही.

जीप भरेपर्यंत त्या पिंपळाखाली उभ्या होत्या. सुटली तेव्हा मी खिडकीतून हात केला. मला वाटलं होतं, करणार नाहीत.

त्यांनी डावा हात वर केला. थोडासाच. मग वळून चढाला लागल्या.